परत आलेल्या गाड्या

माझा एक जुना विद्यार्थी गाड्या तपासतो. आरटीओत नाही आणि गॅरेजातही नाही. लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने दिलेल्या मोटारी मुदत संपली की परत येतात. त्या ताब्यात घेताना बारकाईने बघायच्या आणि जे दिसलं ते लिहून द्यायचं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा मला काही उमगलं नाही. लीज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नव्याण्णव वर्षांचा करार आणि सरकारी जमीन येते! मोटार कुणी लीजवर घेतं हेच माझ्या पिढीला नवीन. आमच्या वेळी मोटार एकतर असायची किंवा नसायची. बहुतेकांकडे नसायचीच.

मग त्याने समजावून सांगितलं. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना कंपनीमार्फत अशी गाडी घेता येते. मालकी भाड्याने देणाऱ्याची, वापर नोकरदाराचा, आणि हप्ता पगारातून कर लागण्याआधीच कापला जातो, त्यामुळे आयकरात थोडंफार वाचतं. तीन, चार किंवा पाच वर्षांनी मुदत संपली की दोन वाटा. करारातली रक्कम भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर किल्ल्या परत द्यायच्या. किल्ल्या परत दिल्या की हा उगवतो. हातात टॅब, खिशात बॅटरी, गळ्यात ओळखपत्र. त्याला पगार नाही, गाडीमागे ठरावीक पैसे मिळतात. दिवसात चार गाड्या झाल्या की बरं, सहा झाल्या तर घरी जाताना बाकरवडी.

"आणि नोकरी मध्येच सुटली तर रे?" मी विचारलं.

"तर तीच गाडी गळ्याशी येते, बाई. नव्या कंपनीने करार पुढे चालवायला घेतला तर ठीक, नाहीतर उरलेल्या मुदतीचा हिशेब चुकता करायचा."

ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि मला भोचकपणाही भरपूर आहे. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी त्याच्याबरोबर वाघोलीच्या पुढे एका यार्डात गेले. (मुलगी म्हणाली, "आई, तू तिथे काय करणार?" म्हटलं, "बघणार.") यार्ड म्हणजे मोठं पटांगण, पत्र्याचं कुंपण, रांगेत उभ्या धुळकट गाड्या, एक रखवालदार आणि एक कुत्रं. मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली, पण मी काही बसले नाही.

मला वाटलं होतं, हा आधी बॉनेट उघडेल. तसं काही नाही. आधी तो गाडीपासून चार पावलं लांब उभा राहतो आणि नुसता बघतो. मग वाकून, दाराच्या कडेने, उन्हाच्या तिरिपेत नजर टाकतो. पत्र्यात समोरच्या कुंपणाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. ते सरळ असेल तर पत्रा सरळ. ते कुठे लाटेसारखं हललं की तिथे पोचा आहे, किंवा पोचा काढून पुट्टी भरलेली आहे. मला एकदम पेपर तपासण्याचे दिवस आठवले. आम्हीसुद्धा उत्तरं वाचायच्या आधी पान लांब धरून बघत असू. अक्षर कुठे बदललं, शाई कुठे बदललीय, दोन ओळींच्या मध्ये नंतर काय घुसडलंय, हे लांबूनच आधी दिसतं.

मग तो खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढतो आणि पत्र्याला टेकवतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. गॅरेजात पुन्हा रंग मारला की आकडा दुप्पट होतो, आणि खाली पुट्टी असेल तर हजारापर्यंतही उडी मारतो. मालकाने "गाडी कधी ठोकलीच नाही" म्हणून कितीही शपथा घेतल्या तरी यंत्र आपलं आकडा सांगून मोकळं! पण बंपरवर ते मुकं असतं, कारण बंपर प्लास्टिकचा. पुण्यात सगळ्यात जास्त मार खाते ती नेमकी तीच जागा. तिथे याला स्वतःचे डोळे आणि बोटंच वापरावी लागतात.

बाकी तपासणी म्हणजे शुद्ध गुप्तहेरगिरी. चारही टायरांवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२१ ची आणि टायर २०१६ चा निघाला, की समजायचं, कुणीतरी परत देण्याआधी चांगले टायर काढून घेतले. काचांवरही बारीक खुणा असतात, त्यांवरून कुठली काच मागाहून बसवली ते कळतं. फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालाय का, तेही तो बघतो. किलोमीटरचा आकडा २८ हजार आणि ब्रेकच्या पायडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली... मग तो डॅशबोर्डखाली एक तार जोडून गाडीच्या वेगवेगळ्या भागांत साठवलेले आकडे वाचतो. पुढच्या काट्यांची फिरवाफिरवी करणाऱ्याला हे सगळे आकडे बदलायचं सुचतंच असं नाही.

एका गाडीजवळ मात्र तो थबकला. बाहेरून लख्ख होती. आत अत्तराची कुपी टांगलेली, तिचा वास नको इतका. त्याने सीटबेल्ट धरला आणि ओढतच राहिला, अगदी शेवटपर्यंत. एरवी आपण जेवढा बेल्ट बाहेर काढतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पलीकडच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. "पाणी," तो म्हणाला. मग त्याने डिकीतली स्टेपनी उचलली. खालच्या खोबणीत वाळलेल्या गाळाचा पापुद्रा. गालिचा उचकटला, आणि अत्तराच्या खालून तो दुसरा वास आला.

तो वास मला कुणी सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पाणी ओसरल्यावर आई-आजी पितळी भांडी कितीतरी दिवस चिंचेने घासत होत्या. भांडी निघाली, पण लाकडी कपाटाचा वास काही वर्षांनंतरही पावसाळ्यात यायचा. त्या गाडीतून अगदी तसाच वास आला. चिखल, कुजलेलं गवत आणि लोखंड यांचा मिळून.

पुण्यात ही परीक्षा आता नेहमीची झाली आहे, असं तो सांगत होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला आणि सहकारनगर-पद्मावतीकडच्या किती गाड्या एकमेकींवर जाऊन पडल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. अशा गाड्या पुसून-वाळवून चालू होतात. पण तारांच्या जोडांमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज चढत राहतो आणि दोन वर्षांनी महामार्गावर मध्येच सगळे दिवे जातात, किंवा एअरबॅग हवी तेव्हा उघडत नाही. पुढे ती गाडी विकत घेणारा कुणीतरी सातारा-सांगलीकडचा माणूस असतो, बायको-मुलांना घेऊन फिरणारा. "म्हणून पाण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, बाई. मालक रडला तरी नाही." हे म्हणताना त्याचा चेहरा कडक झाला होता. शाळेत तो तसा नव्हता. मागच्या बाकावरचा, हसरा मुलगा होता.

पाण्याचं एक बरं असतं, म्हणजे निर्णयाच्या दृष्टीने. ते सरळ नुकसानच. खरी अडचण लहानसहान गोष्टींची. त्याच्या टॅबवर प्रत्येक खुणेपुढे दोनच चौकोन असतात. एक वापराने झालेल्या झिजेचा, एक नुकसानाचा. पहिल्या चौकोनात टिक केली तर ग्राहकाला काही द्यावं लागत नाही. दुसऱ्यात केली की पैसे लागतात. सगळा मामला या दोन चौकोनांचा आहे.

मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. आपल्या भाषेत झिजणं हा मानाचा शब्द आहे. चंदन झिजतं, समाजकार्यकर्ते झिजतात, आयाबाया झिजतात. झिजलेली सहाण कुणी टाकून देत नाही. नुकसानाला असा मान नाही. नुकसान म्हटलं की लगेच भरपाई आली आणि कुणाची चूक ते आलं. एकच चरा. पण तो झिजेत धरायचा की नुकसानात, यावर कुणाचे तरी आठ-दहा हजार रुपये अवलंबून.

इंग्लंडमध्ये गाड्या भाड्याने देणाऱ्यांची एक संघटना आहे, ब्रिटिश व्हेइकल रेंटल अँड लीझिंग असोसिएशन. तिने यावर चक्क पुस्तिका काढलेली आहे. त्याने मला ती टॅबवर दाखवली. २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा, खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल आणि पॉलिशने निघणार असेल, तर चालेल. १५ मिलिमीटरपर्यंतचा पोचा, वरचा रंग फुटला नसेल, तर चालेल, पण एका भागावर दोनपेक्षा जास्त नकोत. फूटपट्टी घ्या आणि मोजा! इंग्रज माणूस असा. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. निदान गाडी घेणाऱ्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असतं की शेवटच्या दिवशी आपल्याला कुठल्या पट्टीने मोजणार आहेत. आपल्याकडे, हा म्हणतो, प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं, आणि ते करारात मागे कुठेतरी बारीक अक्षरात.

पण ती फूटपट्टी जशीच्या तशी वाघोलीत आणून चालेल का, याची मला शंका आहे. लक्ष्मी रस्त्यावर मोटार एकदा घेऊन जा आणि बिनओरखड्याची परत आणून दाखवा! तुम्ही चालवलीच नाही, नुसती घराखाली उभी केली, तरी शेजारचा मुलगा स्कूटरचं हँडल घासून जातो. आमच्या सोसायटीत तर एक बोका रात्री गाडीच्या टपावर चढतो आणि घसरगुंडी करत काचेवरून खाली येतो. खड्ड्यांनी चाकांचं अलाइनमेंट जातं आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. गतिरोधक इतके उंच की गाडीचं पोट घासतं. यात चालवणाऱ्याचा दोष किती आणि महापालिकेचा किती? रस्ताच असा असेल तर त्या रस्त्यावरचा वाजवी वापरही त्या रस्त्यासारखाच असणार. माझा विद्यार्थी म्हणतो, "बाई, हे मला कळतं. पण कोष्टकात खड्ड्याचा रकाना नाही."

या गोष्टीत मी इतकी का गुंतले, याचंही कारण आहे. शाळेत मी बरीच वर्षं पुस्तकपेढी सांभाळली. जूनमध्ये गरजू मुलांना बालभारतीच्या पुस्तकांचे संच द्यायचे आणि परीक्षा संपली की परत घ्यायचे. म्हणजे तोही लीजचाच धंदा, बिनहप्त्याचा! एप्रिलच्या उन्हात मुलं रांगेत उभी, आणि मी एकेक पुस्तक उलगडून बघत असे. कव्हरचे कोपरे गोल झालेले, पानांना हळदीचे-तेलाचे डाग, कुठे धाकट्या भावंडाने मारलेल्या रेघोट्या. पुस्तकाची पाठ निघालेली असली तरी खळीने नीट चिकटवलेली. ही सगळी झीज. पान फाडून विमान केलेलं असेल तर नुकसान. इथवर सोपं होतं. पण दरवर्षी दोन-चार संच असे यायचे की ज्यांना काहीच झालेलं नसायचं. जूनमध्ये दिले तसेच कोरे करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. मुख्याध्यापकांना ते संच फार आवडत. मला ते बघून पोटात कालवायचं, कारण त्या मुलाने वर्षभर पुस्तक उघडलेलंच नसायचं.

गाड्यांचंही तसंच असतं म्हणे. चार वर्षांत जेमतेम सात-आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी बघून लोक खूश होतात, हा मात्र सावध होतो. एकाच जागी उभी राहून टायर एका बाजूला चपटे पडतात, बॅटरी मान टाकते, ब्रेकच्या चकत्या गंजतात, उंदीर तारा कुरतडतात. माझ्या त्या कोऱ्या पुस्तकांना निदान उंदीर तरी लागत नव्हते.

आणखी मागे जायचं तर सायकली. पुणं सायकलींचं गाव होतं हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालंय, पण निम्म्या पोरांची स्वतःची सायकल नसायची हे कुणी सांगत नाही. आम्ही भाड्याने घ्यायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, तासाला दहा पैसे. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. लेडीज सायकली दोनच, त्यामुळे रविवारी सकाळी आम्हा मुलींची पळापळ. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, पण त्याआधी आमच्यादेखत सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक एकदा फिरवायचा. "बघ, आउट नाही. ब्रेक बघ. घंटी वाजव." आम्ही घंटी वाजवायची, मगच सायकल हातात. तासाने परत आणली की पुन्हा तेच. चाक फिरवायचं, आरे बोटांनी छेडत जायचं, सतारीच्या तारांसारखे, आणि बेसूर लागला की ढिला. काही महाभाग स्वतःच्या सायकलची जुनी पायडलं याच्या सायकलला लावून नवी पळवायचे असं ऐकलं होतं. म्हणून त्याने प्रत्येक भागावर कानशीने एक बारीक खूण करून ठेवली होती.

मालक तोच, तपासनीसही तोच. म्हणजे खरं तर अन्याय व्हायला पूर्ण वाव. पण पंक्चरचे पैसे घेण्यापलीकडे त्याने कधी कुणाला नाडल्याचं मला आठवत नाही. शिव्या मात्र भरपूर. मला वाटतं, त्याला ठाऊक होतं की हीच पोरगी पुढच्या रविवारी पुन्हा यायची आहे, आणि तिचा बाप रोज संध्याकाळी दुकानावरून जातो.

नंतर उलटाही प्रयोग झाला. डिसेंबर २०१७ मध्ये औंध भागात मोबाइलवर उघडणाऱ्या सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाइक अशी नावं. रंगीबेरंगी, सुंदर. कुठेही घ्या, कुठेही सोडा. परत घेणारं माणूसच नाही! मला फार आनंद झाला होता. पण मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या. ओफोने तर २०१८ मध्येच भारतातला गाशा गुंडाळला, आणि दोन-तीन वर्षांत त्या रंगीत सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. कारणं बरीच असतील, धंद्याचं गणितही असेल. पण चाक फिरवून बघायला कुणी उभं नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ती मघाची गोष्ट.

वाकडच्या एका सोसायटीत माझा विद्यार्थी गाडी ताब्यात घ्यायला गेला. मुलगा तिशीतला, नोकरी गेलेली, करार मुदतीआधी मोडावा लागलेला. म्हणजे आधीच मोठी रक्कम भरायची होती. मागच्या सीटवर लहान मुलाच्या खुर्चीचे दोन खड्डे पडलेले, काचेवर कार्टूनचा स्टिकर अर्धवट खरवडलेला. गाडी उत्तम ठेवलेली. टायर बरोबर, काचा बरोबर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फायलीत लावलेल्या. आणि मागच्या उजव्या दारावर यंत्राने ३०० च्या वर आकडा दाखवला.

"हे दार रंगवलंय," हा म्हणाला.

"शक्यच नाही. गाडी कधी ठोकलेलीच नाही," तो म्हणाला.

असं सगळेच म्हणतात. पण याला खटकलं. विम्याचा एकही दावा नाही. दाराच्या बिजागरीचे बोल्ट हललेले नाहीत. रंग इतका सफाईने मारलेला की साध्या गॅरेजचं काम वाटेना. कारखान्यातून शोरूमपर्यंत येताना ट्रेलरवर गाडीला धक्का लागतो, शोरूमवाले किंवा वितरक ते गुपचूप रंगवून टाकतात आणि नवी म्हणून देतात, असंही कधीकधी घडतं हे त्याला ठाऊक होतं. गाडी देताना केलेल्या नोंदीचा कागद त्याने मागितला. त्या कागदावर फक्त सही होती. रंगाची जाडी, फोटो, काहीच नाही.

दोन चौकोन. झीज तर ही नव्हेच. मग दुसरा चौकोन उरतो. त्याने तिथे टिक केली नाही. दोन्ही रिकामे ठेवले आणि शेऱ्यात लिहिलं की दार पुन्हा रंगवलेलं आहे, पण गाडी देताना जाडी मोजल्याची नोंद नाही, म्हणून काम केव्हाचं ते सांगता येत नाही.

वरून फोन आला. चौकोन रिकामा ठेवता येत नाही. मशीन फॉर्म पुढे घेत नाही. आणि तुमच्या गाड्यांवरची वसुली तशीही बाकीच्यांपेक्षा कमी आहे. हा म्हणाला, मला जे दिसलं ते मी लिहिलं, जे दिसलं नाही ते लिहिणार नाही. पुढचे दोन महिने त्याच्या वाट्याला दिवसाला चारच्या जागी एक-दोन गाड्या आल्या. मुलीची दहावीच्या क्लासची फी त्याच महिन्यात भरायची होती.

त्या वाकडच्या मुलाचं काय झालं, ते याला कळलं नाही. तपासनीसाला निकाल कळवत नाहीत. आम्हा परीक्षकांसारखंच.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांना मी हे सांगितलं, तर त्यांनी करार कायदा काढला, १८७२ चा. कलम १५१ म्हणतं की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी. त्याहून जास्त नाही. आणि त्याच्या आधीचं कलम १५० देणाऱ्यासाठी आहे. वस्तूत काही दोष असेल तर देतानाच सांगा, आणि भाड्याने दिली असेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणूनही सुटका नाही. "पण बाई," वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "दाराच्या रंगाला हे कलम ओढूनताणून लागेल. तो काही धोक्याचा दोष नव्हे." असेल. पण देणाऱ्याचीही काही जबाबदारी असते हे दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं, हे वाचून मला बरं वाटलं.

विद्यार्थ्याला मी विचारलं, "इतका हट्ट कुठून आला रे तुझ्यात?"

तो हसला. "बाई, तुमच्या पुस्तकपेढीतून. तुम्ही जूनमध्ये पुस्तक देताना आधी सगळी पानं आमच्याकडून उलटून घ्यायचात आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहायचात, पान ४७ फाटलेलं, पान ६० वर डाग. म्हणायचात, आता हे तुझ्या डोक्यावर येणार नाही."

मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल. विद्यार्थी म्हाताऱ्या शिक्षकांशी असं बोलतात. पण पेन्सिलीने मी लिहायचे, हे खरं आहे.

आता त्याला दुसऱ्या एका कंपनीचं काम मिळालंय, तिथे निदान शेऱ्याचा रकाना मोठा आहे. आणि माझ्यामागे त्याने एक काम लावलंय. लीजवर गाडी घेणाऱ्यांसाठी साध्या मराठीत एक पानभर सूचना लिहून हव्यात, तो ओळखीच्यांना वाटणार आहे. मी निम्म्या लिहिल्या आहेत. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, पावसात किंवा रात्री नाही. चारही बाजूंनी फोटो, टायरांवरच्या आकड्यांचेसुद्धा. रंगाची जाडी मोजायला सांगा आणि आकडे कागदावर मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. परत देताना कोष्टक काय असेल ते पहिल्याच दिवशी विचारा. गाडी पाण्यात गेली तर लपवू नका.

"वाजवी झीज म्हणजे काय" या ओळीपाशी मात्र अडले आहे. मी लिहिलं होतं, "या गावात, या रस्त्यांवर, जपून वापरली तरी जी होते ती." त्याने ते वाचलं, 'जपून' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "बाई, जपून म्हणजे किती मिलिमीटर?" सोमवारी तो पुन्हा येणार आहे.